उत्तर नाही म्हणजे आलेखही नाही?

दहावीच्या बीजगणितात एक वाक्य असं आहे की मुलं ते झोपेतून उठवलं तरी लिहितील. वर्गसमीकरण दिलेलं असतं, त्याचा विवेचक काढायचा, तो शून्यापेक्षा लहान आला की लिहायचं, 'मुळे वास्तव नाहीत'. खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. गुण मिळतात. तपासणारा खूश, लिहिणारा खूश.

माझं म्हणणं असं आहे की ज्या ठिकाणी मुलं ह्या दोन रेघा मारतात, तिथून खरा धडा सुरू व्हायला पाहिजे. तो आपण सुरूच करत नाही.

आता मराठीच्या बाईंनी गणितात नाक का खुपसावं, असं कुणी म्हणेल. मी बी.ए. मराठीची, तेही मराठी माध्यमातून, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण आमच्या महाड-पोलादपूर भागातल्या शाळांची गोष्ट वेगळी असायची. गणिताचा शिक्षक यायचा, दोन पावसाळे काढायचा आणि पुण्या-मुंबईकडे काही मिळालं की जायचा. मग ज्याला गणिताची भीती नाही त्याच्या गळ्यात तो तास पडायचा. माझ्या गळ्यात बारा वर्षं होता. मला काही फार येत होतं असं नाही, पण एक फायदा होता. मला स्वतःला शब्द कळल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही, त्यामुळे मुलांनाही मी जाऊ देत नसे.

तर गेल्या महिन्यात बहिणीची नात आली होती, यंदा दहावीला आहे. वही उघडून बसली आणि म्हणाली, "आजी, ह्या समीकरणाला उत्तरच नाही. मग ह्याचा आलेखही नसणार ना?"

प्रश्न भाबडा वाटतो, पण हाच प्रश्न मी वर्गात विचारला असता तर चाळीसपैकी पस्तिसांनी मान डोलावली असती. आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. दहावीच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात आलेख आहेत, पण ते रेषांचे. दोन रेषा काढा, कुठे छेदतात ते बघा, झालं उत्तर. दुसऱ्या प्रकरणात वर्गसमीकरणं येतात, तिथे अवयव आहेत, पूर्ण वर्ग आहे, सूत्र आहे, मुळांचं स्वरूप आहे. आलेखाचा कागद मात्र पहिल्या प्रकरणातच राहून जातो. मग पोर साहजिकच समजते की आलेख म्हणजे उत्तर दाखवणारं चित्र, आणि उत्तर नसलं तर दाखवणार काय?

तिला मी साधं समीकरण दिलं. क्ष² + १ = ०. (आमच्या वेळी क्ष आणि य असायचे, आता एक्स आणि वाय आहेत. मला क्षच बरा वाटतो.) कुठल्याही संख्येचा वर्ग केला तर तो शून्य किंवा धन, त्यात १ मिळवला तर शून्य येईलच कसा? उत्तर नाही. बरोबर. आता शून्याच्या जागी य लिही. य = क्ष² + १. क्षला किमती दे. क्ष शून्य तर य १. क्ष १ किंवा उणे १ तर य २. क्ष २ किंवा उणे २ तर य ५. पाच बिंदू मिळाले, जोड. छान वाटीसारखी वक्ररेषा आली. मराठीत हिला अन्वस्त म्हणतात, शब्द जड आहे पण गोड आहे. ही वाटी आडव्या अक्षाच्या एक घर वर अधांतरी बसली आहे. अक्षाला कुठेच शिवत नाही. 'वास्तव मुळे नाहीत' ह्याचा अर्थ एवढाच. चित्र आहे, पुरं आहे, फक्त ते त्या रेषेपर्यंत पोचत नाही.

मग तिने विचारलं, कधी कागद कोराच राहतो असं होतं का? होतं की. क्ष² + य² = −१ घ्या. दोन वर्गांची बेरीज उणे कधीच होणार नाही, म्हणून सबंध कागदावर एकही बिंदू ह्यात बसत नाही. कोरा कागद हाच त्याचा आलेख. आणि उजवीकडे −१ च्या ऐवजी शून्य लिहिलंत तर एकच ठिपका, आरंभबिंदूवर. १ लिहिलंत तर वर्तुळ. एका आकड्याच्या फरकाने वर्तुळ, ठिपका आणि काहीच नाही! मला हे अजूनही फार आवडतं.

पण ही झाली कागदावरची मौज. आमच्या गावाला हे समजायला कागद लागू नये. आमच्याकडे सावित्री आहे.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते, इथे तिला गांधारी मिळते आणि मग ती बाणकोटच्या खाडीकडे जाते. महाडला तिची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५० मीटर. पावसाळ्यात रोजचे आकडे येतात आणि महाडचा माणूस सकाळी चहाच्या आधी ते बघतो. आता समजा आडव्या अक्षावर तास मांडले आणि उभ्या अक्षावर पाण्याची उंची. साडेसहा मीटरवर एक आडवी रेघ मारली. पाणी चढतं, रेघ ओलांडतं, माथ्याला पोचतं, उतरतं, पुन्हा रेघ ओलांडून खाली येतं. रेघेशी दोन भेटी. ही झाली दोन मुळं. एखाद्या दिवशी पाणी बरोबर रेघेला टेकतं आणि मागे फिरतं. एकच भेट, समान मुळं. आणि एखाद्या दिवशी पाच मीटरपर्यंत येऊन परत जातं. भेट नाही, वास्तव मूळ नाही. त्या दिवशी नदीला पाणी नव्हतं असं कुणी म्हणेल का? बाजारपेठेतला दुकानदार तर त्या दिवशी जास्तच बारकाईने बघत असतो, की किती बाकी राहिलं? दीड मीटर की दीड वीत?

(पुराची रेषा काही खरी अन्वस्त नसते हे मलाही कळतं. पाणी चढतं भराभर आणि उतरतं रेंगाळत. त्यात भरतीची वेळ असली तर खाडीकडून पाणी ओसरायला वाटच मिळत नाही. सावित्री सूत्र वाचून येत नाही. पण रेघेशी भेट होते की नाही, एवढ्यापुरता दाखला चालतो. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ ह्या दिवसांबद्दल मात्र मला आलेखाच्या भाषेत बोलायचं नाही. त्या २२ तारखेला शहरात पाणी होतं आणि तळियेला दरड आली. तो विषयच वेगळा आहे.)

किती बाकी राहिलं, हा जो प्रश्न आहे ना, तो 'मुळे वास्तव नाहीत' ह्या वाक्यात पार पुसला जातो. विवेचक −४ असो की −७५६, वाक्य तेच, गुण तेवढेच. आणि हे पुसलं जाणं किती महाग पडू शकतं त्याची एक गोष्ट घरातच घडली, ती सांगते.

माझा भाचा मुंबईला नोकरीला. हायवे रुंद झाल्यापासून आमच्याकडे प्लॉटचं पेव फुटलं आहे, तसा त्यालाही पोलादपूरच्या बाजूला एक प्लॉट बघायचा होता. एजंटने दिलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यावर लिहिलेलं, एक गुंठा बिनशेती प्लॉट, चारही बाजूंनी दगडी कंपाउंड, १२० रनिंग फूट. म्हणाला, "मावशी, भाव बरा आहे ना?" भावातलं मला काय कळतंय. पण दोन आकडे शेजारी शेजारी दिसले आणि जुनी खोड उफाळली.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो ३३ गुणिले ३३ आहे. ३३ फुटांचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आता कंपाउंड १२० फूट, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून ६०. एक बाजू क्ष मानली तर दुसरी ६० वजा क्ष. दोघींचा गुणाकार १०८९ यायला हवा. मांडलं तर होतं क्ष² − ६०क्ष + १०८९ = ०. विवेचक ३६०० वजा ४३५६, म्हणजे −७५६. दहावीचं पोर इथे लिहिणार, मुळे वास्तव नाहीत. दोन रेघा. भाच्याला मी म्हटलं, असा प्लॉट पृथ्वीवर नाही.

त्याला पटेना. इंजिनीअर आहे, पण पटेना. म्हणे, आकार बदलून बघू. मग आम्ही कागदावर कोष्टक मांडलं. एक बाजू १० फूट, तर दुसरी ५०, क्षेत्रफळ ५००. एक २०, तर दुसरी ४०, ८००. एक २५, तर दुसरी ३५, ८७५. दोन्ही ३०, तर ९००. त्याच्या पुढे गेलं की पुन्हा ८७५, ८००, ५००. बिंदू मांडले, टेकडीसारखी वक्ररेषा आली. तिचा माथा ९०० वर. आणि १०८९ वर आडवी रेघ ओढली तर ती टेकडीच्या बरीच वरून गेली. सावित्री आणि धोक्याची रेघ, दुसरं काय! माथा आणि रेघ ह्यांच्यात अंतर १८९. म्हणजे कुणी कितीही कसब केलं, चौरस प्लॉट पाडला, तरी १२० फुटांच्या कंपाउंडात चौकोनी जमीन गुंठ्यापेक्षा १८९ चौरस फूट कमीच पडणार. आणि आता विवेचकाकडे पाहा. ७५६ ला ४ ने भागा. १८९.

मी हे त्याला दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्पच बसला. अकरावी-बारावी, पुढे इंजिनीअरिंगची चार वर्षं, शेकडो विवेचक काढले असतील त्याने. तो उणे आकडा म्हणजे कमी पडलेली जमीन आहे, हे त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

(एक खोडी सांगून ठेवते, नाहीतर कुणीतरी काढेलच. प्लॉट गोल असता तर १२० फुटांच्या कुंपणात ११४५ चौरस फुटांहून जास्त जमीन बसली असती. गुंठा पुरून उरला असता. पण गोल प्लॉट कोण पाडतो?)

दुसऱ्या दिवशी एजंटला फोन झाला. तो म्हणाला, अहो, त्यात गेट धरलेलं नाही, गेट दहा फुटांचं आहे. ठीक. म्हणजे एकूण १३०. लांबी-रुंदी मिळून ६५. विवेचक ४२२५ वजा ४३५६, −१३१. अजून उणेच, पण आता किती जवळ आलो बघा. ४ ने भागलं तर पावणेतेहतीस चौरस फूट, एवढाच खड्डा. आणखी दोन फूट कंपाउंड असतं, १३२, तर विवेचक बरोबर शून्य आणि एकच प्लॉट शक्य, ३३ बाय ३३. त्याच्या वर गेलं की मग दोन-दोन उत्तरं. एक लांबी, एक रुंदी. कंपाउंड २२० फूट असेल तर ११ बाय ९९ सुद्धा गुंठाच. त्यात घर बांधायचं की नुसतं चालायचं, तो प्रश्न वेगळा.

शेवटी भाचा टेप घेऊन गेला. प्लॉट भरला ४० बाय २५. बरोबर १३० फूट घेर, हजार चौरस फूट जमीन. एजंट म्हणाला, हजार फुटांनाच गुंठा म्हणतात साहेब, वरचे ८९ रस्त्यात जातात, सगळे असेच घेतात. माणूस काही लबाड होता असं मी म्हणणार नाही, तशी रीतच पडली आहे. पण ८९ म्हणजे १०८९ मधले शंभराला आठ. पैसे मात्र पूर्ण गुंठ्याचे. भाच्याने तेवढे कमी करा म्हटलं, तो हसला, सौदा तिथेच राहिला.

मला ह्यात एजंटपेक्षा आपल्या शिकवण्याचं जास्त वाईट वाटतं. हे गणित दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाला येतं. सूत्र पाठ आहे. पण जमीन घेताना ते आठवत नाही, कारण 'वास्तव नाही' ह्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात 'हे गणित चुकीचं दिलंय' किंवा 'सोडून द्या' असा बसला आहे. 'तुम्ही सांगताय ते होऊ शकत नाही, आणि इतक्याने होऊ शकत नाही' हे सांगणारं दुसरं इतकं सोपं साधन शाळेत मिळत नाही.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी १११४ साली जन्म घेतला आणि ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या बीजगणितात त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कुठल्याच संख्येचा वर्ग नसते. त्यांच्याही आधी नवव्या शतकात महावीराचार्य हेच म्हणून गेले. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो उजेडात आणला. नातवाने आजोबांच्या बीजगणितासाठी शाळा काढावी, हे वाचून आम्हा आज्यांना किती बरं वाटतं सांगू!

पण मला भास्कराचार्यांची खरी गंमत वाटते ती माकडांच्या उदाहरणांत. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली बारा डोंगरावर आहेत, तर एकूण किती? उत्तरं दोन येतात, ४८ आणि १६. दोन्ही ताडून पाहा, दोन्ही चालतात. मग दुसरं उदाहरण. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग, एवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय. इथेही उत्तरं दोन, ५० आणि ५. सूत्राच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. पण पाच घेतलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे वजा करणार? उणे दोन माकडं? भास्कराचार्य म्हणतात, हे उत्तर घेऊ नका, लोकांना ते पटत नाही. आलेखावर ५ चा बिंदू स्पष्ट दिसतो, वास्तव संख्या आहे ती, तरी माकडांसाठी ती उपयोगाची नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हा माणूस दोन वेगवेगळे प्रश्न विचारत होता, उत्तर आहे का, आणि असलं तर ते ह्या गोष्टीत बसतं का. आपण परीक्षेत पहिलाच विचारतो.

मराठीच्या बाई म्हणून मला 'वास्तव' ह्या शब्दाचीही तक्रार करायची आहे. 'वास्तव संख्या' म्हटलं की पोरांना वाटतं बाकीच्या खोट्या. युरोपातही हाच गोंधळ होता. १५४५ साली कार्दानो नावाच्या इटालियन वैद्याने प्रश्न मांडला, दहाचे दोन भाग असे करा की गुणाकार ४० येईल. येणं शक्यच नाही, सगळ्यात जास्त गुणाकार पाच पाचे पंचवीस. (हा आमच्या प्लॉटचाच भाऊ झाला.) तरी त्याने ५ अधिक ऋण १५ चं वर्गमूळ आणि ५ उणे तेच, अशी दोन उत्तरं लिहिली, आणि गुणून दाखवली तर खरोखर ४०! पण त्याला स्वतःलाच ते बाष्कळ वाटलं. पुढे १६३७ मध्ये देकार्तने त्यांना काल्पनिक म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलं. विशेष म्हणजे आपण आलेख काढतो ती अक्षांची कल्पनाही त्याच पुस्तकाशी जोडलेली आहे.

मग काल्पनिक मुळांचा आलेख निघतो का? निघतो, पण जागा बदलावी लागते. एका रेषेवर ती मावत नाहीत, त्यांना अख्खा कागद लागतो, आडवा अक्ष वास्तव भागाचा आणि उभा काल्पनिक भागाचा. वेसेल नावाच्या डॅनिश सर्वेक्षकाने १७९७ मध्ये आणि आर्गांने १८०६ मध्ये हे दाखवलं. जमीन मोजणाऱ्याला हे सुचावं ह्यात मला काहीच नवल वाटत नाही. आपल्या प्लॉटची मुळं काढायची तर एक सोपी युक्ती आहे. क्ष² − ६०क्ष + १०८९ ची वाटी काढा, तिचा तळ आडव्या अक्षावरच्या ३० ह्या आकड्याच्या बरोबर वर, १८९ उंचीवर येतो. आता ती वाटी तळाशी धरून उलटी करा. उलटी वाटी आडव्या अक्षाला ३० च्या दोन्ही बाजूंना पावणेचौदा घरांवर छेदते, कारण १८९ चं वर्गमूळ सुमारे १३.७५. हेच ते काल्पनिक भाग. ३० उजवीकडे जा, पावणेचौदा वर एक बिंदू, पावणेचौदा खाली दुसरा. दोन्ही मुळं कागदावर. अकरावीला विज्ञान शाखेत गेलेल्यांना हे पुढे भेटतं आणि विजेच्या अभ्यासात फार उपयोगी पडतं असं भाचा सांगतो. गवंडी मात्र तेवढ्या फुटांची भिंत बांधून देणार नाही.

तर माझी मागणी लहानशी आहे. 'मुळे वास्तव नाहीत' असं उत्तर येणाऱ्या गणिताला आणखी एक गुणाचा प्रश्न जोडा. वक्ररेषा अक्षाच्या सर्वांत जवळ कुठे येते आणि तिथे किती अंतर राहतं? बस.

ह्यावर माझ्याच वयाच्या एका गणिताच्या सरांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, पोर्शन आधीच पुरा होत नाही, त्यात आलेखाला तास कुठून आणायचा, आणि कच्च्या मुलांची तर वाटच लागेल. पहिला मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. दुसऱ्याबद्दल माझा अनुभव नेमका उलटा आहे. कच्ची मुलं सूत्रात अडतात, चिन्हं चुकवतात. बिंदू मांडायला दिलेत तर तीच मुलं जिभा बाहेर काढून तन्मय होतात. मी वर्गात कैरीचं उदाहरण देत असे. दगड सेकंदाला ३२ फूट वेगाने सरळ वर भिरकावला, तर त्याची उंची ३२ट वजा १६ट² फूट. कैरी १२ फुटांवर असेल तर दगड तिच्यापाशी अर्ध्या सेकंदाला आणि दीड सेकंदाला, दोनदा पोचतो. १६ फुटांवर असेल तर एकदाच, एका सेकंदाला. आणि २० फुटांवर? मागच्या बाकावरची मुलं विवेचक न काढताच ओरडायची, "बाई, नाय पोचत, चार फूट कमी पडतोय!" ही मुलं 'मुळांचं स्वरूप' ह्या प्रश्नाला हमखास शून्य मिळवायची. आता त्यांना गणित येत नव्हतं असं म्हणायचं, की आपला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता?

सरांना हे पटलं नाही. त्यांच्या मते बोर्डाच्या पेपरात सगळ्यांना एकच मोजपट्टी लावता आली पाहिजे, चित्राला गुण देताना तपासनीस-तपासनीसांत फरक पडतो. पण मी चित्राला गुण मागतच नाही. अंतराचा एकच आकडा असतो, त्यात फरक पडायचं कारण नाही, आणि चित्र न काढता, नुसता विवेचक भागूनही तो काढता येतो. ज्याला जमेल तसं त्याने काढावं. ह्यावर ते "बघू" म्हणाले. गणितवाल्यांचं "बघू" म्हणजे काय ते आता माझ्या लक्षात आलं आहे.

नातीबरोबर शेजारच्या दोघी मुलीही हल्ली रविवारी येतात. येत्या रविवारी वर्गसमीकरणं सुरू करायची आहेत. सूत्र आधी देणार नाही. चौकटीची वही, पेन्सिल आणि क्ष² + ४क्ष + ५ एवढंच देणार आहे, आणि विचारणार आहे की ह्या वाटीचा तळ कुठे आहे आणि ती अक्षापासून किती घरं वर आहे.